१९६८ कॅमॅरो, चार गिअरचा बॉक्स: शिफ्टर मूळचाच ठेवावा की हर्स्ट टाकावा?

परळ_व्ही८
नमस्कार मंडळी. गाडी १९६८ ची शेव्हरले कॅमॅरो, ३२७ व्ही-८, चार गिअर, लेफ्ट हँड ड्राइव्ह. बकेट सीट आहेत, सेंटर कन्सोल नाही. इंजिनाचं काम झालंय, आता गिअरकडे, म्हणजे शिफ्टरकडे (दांडी आणि तिच्याखालची यंत्रणा) वळायचंय. तक्रारी अशा:

न्यूट्रलमध्ये दांडी चारही दिशांना ढिली, कुठला गिअर कुठे आहे ते हाताला कळत नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मध्येच अडते, पुन्हा मागे आणून टाकावी लागते. रिव्हर्स खरखर केल्याशिवाय पडत नाही. तिसऱ्यात असताना ॲक्सिलरेटर सोडला की कधीकधी गिअर सुटतो.

खालून पाहिलं तर शिफ्टरचा ब्रॅकेट क्रॉसमेंबरला बोल्ट केलेला आहे आणि रॉडच्या टोकाचे नायलॉनचे बुश जवळपास उरलेलेच नाहीत.

समोर तीन वाटा आहेत. मूळ शिफ्टर दुरुस्त करणं, हर्स्ट या अमेरिकन कंपनीचा कॉम्पिटिशन प्लस शिफ्टर बसवणं, किंवा बॉक्सच बदलून पाच गिअरचा टाकणं. वापर म्हणजे रविवारी पहाटे वरळी-मरीन ड्राइव्ह आणि थंडीत लोणावळा. पुढे व्हिंटेज नोंदणी करायचा विचार आहे. पार्ट अमेरिकेतून येणार, चुकीचा आला तर परत पाठवणं परवडत नाही. म्हणून आधी विचारतोय.

कुर्ला_गिअरबॉक्स
भाऊ, ऑर्डर करायच्या आधी बॉक्स मन्सी, सॅगिनॉ, टी-१० यांपैकी कुठल्या बनावटीचा आहे ते पक्कं करा. हर्स्टच्या शिफ्टरची मशिनरी बहुतेक सगळ्या चार गिअरच्या बॉक्सना तीच असते. बदलतं ते इन्स्टॉलेशन किट, म्हणजे माउंटिंग प्लेट, तीन रॉड, तीन आर्म आणि बुश. चुका नेहमी किटमध्येच होतात, कारण लोक फक्त गाडीचं मॉडेल सांगून मागवतात. गाडी पन्नासहून जास्त वर्षांची आहे, मधल्या काळात बॉक्स बदललेला असू शकतो.

ओळख सोपी आहे. गाडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवा, चाकांना ओट लावा, आणि डाव्या बाजूने बॉक्सकडे पाहा. पहिल्यांदा लोहचुंबक लावा. चिकटला तर केस बिडाची, मग तो बहुधा सॅगिनॉ किंवा जुना टी-१०. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम, म्हणजे मन्सी किंवा नंतरचा टी-१०. मग साइड कव्हरचे बोल्ट मोजा. मन्सीला ७, नंतरच्या टी-१० ला (सुपर टी-१०) ९. सॅगिनॉलाही ७ च असतात, म्हणून तिसरी खूण पाहायची: रिव्हर्सचा लिव्हर कुठे आहे. सॅगिनॉमध्ये तिन्ही लिव्हर साइड कव्हरवर असतात. मन्सीत साइड कव्हरवर फक्त दोन, आणि रिव्हर्सचा लिव्हर मागच्या टेल हाउसिंगवर (बॉक्सच्या शेपटीकडचं आवरण). या तीन खुणा जुळल्या की संशय उरत नाही.

मन्सी निघाला तर आणखी एक गोष्ट पाहा. आर्म ज्या शाफ्टवर बसतात त्यांची टोकं दोन प्रकारची आहेत. १९६३ ते १९६८ च्या बॉक्समध्ये शाफ्टचं टोक आट्यांचं असून त्यावर नट बसतो. १९६९ पासून शाफ्टच्या आत आटे आणि बाहेरून बोल्ट. आर्मचं भोक या दोन्हींना वेगळं लागतं. ६८ च्या गाडीत ६९ नंतरचं साइड कव्हर बसवलेलं असेल तर किट ६९ च्या शाफ्टचं घ्यावं लागेल, गाडीचं वर्ष काहीही असो.

तुमचा बॉक्स एम२० आहे की एम२१ (मन्सीचेच दोन प्रकार), याने शिफ्टरला काडीचा फरक पडत नाही. आतले दात वेगळे, बाहेरची केस सारखीच. त्यासाठी बॉक्स उतरवत बसू नका.

टेल हाउसिंगवर शिफ्टरच्या प्लेटची भोकं आहेत का, त्यांचे आटे शाबूत आहेत का, आणि दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर किती, हेही मोजा. फुटपट्टी टेकवून फोटो काढा आणि विकणाऱ्याला पाठवा. तो फोटो दहा प्रश्नांचं उत्तर देतो.

क्लचप्लेट_ठाणे
वरच्या सगळ्याशी सहमत. पण तुमच्या चार तक्रारींपैकी दोनच नक्की शिफ्टरच्या आहेत. ढिली दांडी आणि दुसरा-तिसरा अडणं, हे बुश गेल्यामुळे. रिव्हर्सची खरखर बहुतेक क्लचची आहे, आणि तिसरा सुटणं हे तीन-चार कारणांपैकी काहीही असू शकतं. नवा शिफ्टर टाकूनही या दोन तक्रारी तशाच राहिल्या तर तुम्ही शिफ्टरला दोष देत बसाल.

रिव्हर्सची परीक्षा अशी. इंजिन बंद असताना सगळे गिअर टाकून पाहा. सहज पडले तर लिंकेज निदान अडत तरी नाही. आता इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, क्लच पूर्ण दाबा, दहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. मन्सीच्या रिव्हर्सला सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणारी रिंग) नाही, त्यामुळे आतली गिअरची रास फिरायची थांबेपर्यंत दात घासणारच. म्हणून हे दहा सेकंद महत्त्वाचे. एवढं थांबूनही खरखर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही, शिफ्टरचा संबंध नाही.

क्लच न सुटण्याची कारणं या क्रमाने पाहा. पेडलचा मोकळा प्रवास साधारण एक इंच असावा. जास्त असेल तर क्लचच्या फोर्कजवळच्या रॉडवरून कमी करता येतो. मग झेड-बार, म्हणजे पेडलकडून फोर्ककडे ताकद नेणारा आडवा दांडा. त्याच्या दोन्ही टोकांचे बुश झिजले की पेडल दाबल्यावर बार आधी वाकडा होतो आणि मग ढकलतो, निम्मा प्रवास तिथेच वाया जातो. एक जण पेडल दाबेल आणि दुसरा खालून बघेल, लगेच दिसतं. तिसरं, क्रँकच्या मागच्या टोकातला पायलट बुश. तो कोरडा पडून शाफ्टला धरू लागला तर क्लच सुटूनही बॉक्सचा शाफ्ट इंजिनासोबत फिरत राहतो. चौथं आपल्या मुंबईचं: पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत क्लच प्लेटच्या स्प्लाइनला गंज चढतो, प्लेट शाफ्टवर सरकत नाही.

तिसऱ्या गिअरची परीक्षा थोडी मेहनतीची आहे, पण पैसे वाचवते. ३-४ चा रॉड दोन्ही टोकांनी काढून बाजूला ठेवा, अर्धवट लोंबकळता नको. साइड कव्हरवरचा पुढचा लिव्हर हा ३-४ चा. तो हाताने तिसऱ्यात ढकला, खाचेत बसल्याचा ठोका जाणवेल. आता दांडीला ३-४ शी काही देणंघेणं उरलं नाही. मोकळ्या आवारात क्लच हळू सोडून गाडी तिसऱ्यातच चालू करा, थोडा वेग घ्या, ॲक्सिलरेटर सोडा. गाडी थांबवताना क्लच दाबूनच थांबायचं, कारण दांडीने न्यूट्रल मिळणार नाही. ३२७ ला तिसऱ्यात उचलायला त्रास होत नाही, पण क्लच उगाच घासत बसू नका, दोन फेऱ्या पुरेत. रॉड नसतानाही गिअर सुटला तर दोष बॉक्सच्या आत किंवा बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीचं आवरण). नाही सुटला तर बाहेरची लिंकेज गिअरला ओढून काढते आहे.

गिरगाव_क्लासिक
माझं मत मूळ शिफ्टरच्या बाजूने. तुम्ही व्हिंटेज नोंदणीचं म्हणालात म्हणून मुद्दाम लिहितो. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षं. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा अशी त्यात अट आहे. शिफ्टर बदलणं हा फेरफार म्हणता येणार नाही, पण शिफ्टरसाठी बोगद्याचा (गिअरबॉक्सवरच्या फुगवट्याचा) पत्रा कापणं हा बॉडीतला फेरफार आहे. तेव्हा काहीही टाका, पत्र्याला कात्री लावू नका. आणि त्या नोंदणीनंतर गाडी रोजच्या वापराला चालत नाही हेही ध्यानात असू द्या. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. रविवारच्या फेऱ्यांचा हिशोब आधी करा.

मूळ शिफ्टर दुरुस्त होतो. तो उतरवून रॉकेलमध्ये धुवा, आतले लिव्हर एकेक हलवून पाहा. लिव्हरची भोकं लंबगोल झाली असतील तर लेथवाल्याकडून भोक गोल करून आत पोलादी बुश दाबून बसवता येतो. साकीनाक्याला हे काम करणारी दुकानं आहेत. रॉडच्या टोकांना खाच पडली असेल तर वेल्डिंगने भरून पुन्हा मापावर आणा. नवे नायलॉन बुश आणि क्लिपा टाका. पन्नास टक्के ढिलेपणा तिथेच जातो. गाडीच्या किमतीच्या दृष्टीने मूळ शिफ्टर असणं हेही मोलाचं आहे, ६८ चे सुट्टे शिफ्टर आता सहज मिळत नाहीत.

कुर्ला_गिअरबॉक्स
मूळ शिफ्टर जपून ठेवावा यात वाद नाही. पण तो बसवून चालवावा याला माझा विरोध आहे आणि कारण त्याच्या आधारात आहे. क्रॉसमेंबर गाडीच्या बॉडीला घट्ट. इंजिन आणि बॉक्स मात्र रबराच्या माउंटवर, म्हणजे जोर दिला की एका अंगाला झुकतात आणि ॲक्सिलरेटर सोडला की उलटे येतात. शिफ्टर बॉडीला बांधलेला आणि लिव्हर बॉक्सवर, मग मधला रॉड दर वेळी खेचला किंवा ढकलला जाणार. माउंट नवीन असताना हे चालून जातं. माउंट मऊ झाले की ॲक्सिलरेटर सोडताच रॉड तिसऱ्याला खाचेतून बाहेर ओढतो. तुमची चौथी तक्रार नेमकी हीच वाटते.

या गाड्यांच्या माउंटचा इतिहासही पाहा. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सने १९६५ ते १९६९ च्या सुमारे ६७ लाख शेव्हरले गाड्या इंजिन माउंट तुटण्याच्या धोक्यामुळे परत बोलावल्या होत्या, पहिल्या पिढीची कॅमॅरो त्यात होती. रबर धातूपासून सुटलं की इंजिन उचललं जायचं. तेव्हाचा उपाय म्हणजे इंजिन धरून ठेवणारी केबल. आज मिळणारे बदली माउंट आतून एकमेकांत अडकणारे असतात, रबर फाटलं तरी इंजिन सुटत नाही. तुमच्या गाडीत कुठले आहेत ते बघा. बॉनेट उघडून, हँडब्रेक आणि ब्रेक दाबून, कुणालातरी क्लच किंचित सोडायला सांगा. डाव्या बाजूने इंजिन बोटभर वर आलं तर माउंट संपलेत. चाचणी करताना गाडीच्या पुढे कुणी उभं राहू नका.

हर्स्टची मांडणी वेगळी आहे. त्याची प्लेट टेल हाउसिंगला बसते, म्हणजे शिफ्टर आणि बॉक्स एकत्रच झुकतात, रॉडवर ताण येत नाही. १९६९ च्या कॅमॅरोला शेव्हरलेने कारखान्यातूनच हर्स्ट द्यायला सुरुवात केली, यावरून काय ते समजा. हे सगळं बोल्टने बसतं आणि बोल्टने निघतं. मूळ शिफ्टर, ब्रॅकेट आणि रॉड तेल लावून डब्यात ठेवा, उद्या मूळ स्वरूप हवं असेल तर एका दिवसात परत बसेल.

परळ_व्ही८
सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तपासलं.

चुंबक चिकटत नाही, साइड कव्हरला ७ बोल्ट, रिव्हर्सचा लिव्हर टेल हाउसिंगवर. म्हणजे मन्सी. आर्म नटने बसलेत. टेल हाउसिंगवर शिफ्टरची भोकं आहेत, एकाचे आटे थोडे खाल्लेले दिसतात.

इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात. चालू असताना दहा सेकंद थांबूनही रिव्हर्स खरखरतो. झेड-बार पेडल दाबल्यावर स्पष्ट झुकतो. ३-४ चा रॉड काढून चालवल्यावर तिसरा सुटला नाही. डावा इंजिन माउंट फाटलेला आहे.

मग आता हर्स्ट पक्का समजू का? आणि बसवताना नेमकं काय सांभाळायचं? मिस्त्री चांगला आहे पण त्याने हा शिफ्टर आधी लावलेला नाही.

कुर्ला_गिअरबॉक्स
पक्का समजा. पण क्रम असा: आधी दोन्ही इंजिन माउंट आणि बॉक्सखालचा माउंट, मग झेड-बारचे बुश आणि क्लचचं ॲडजस्टमेंट, शेवटी शिफ्टर. उलट केलंत तर शिफ्टर दोनदा ॲडजस्ट करावा लागेल.

ऑर्डर करताना चार वस्तू वेगळ्या मोजा, कारण त्या बऱ्याचदा वेगवेगळ्या विकल्या जातात. कॉम्पिटिशन प्लसची मशिनरी, तुमच्या गाडीसाठी आणि नटवाल्या शाफ्टच्या मन्सीसाठीचं इन्स्टॉलेशन किट, बकेट सीट व कन्सोल नसलेल्या ६८ साठीची दांडी, आणि खालचा-वरचा दोन्ही बूट. दांडी बेंच सीटची वेगळी, बकेटची वेगळी, कन्सोलची आणखी वेगळी.  सोबत पोलादी बुश आणि क्लिपांचा सेट मागवा. किटमधले नायलॉन बुश गुळगुळीत आणि शांत असतात, पण एक्झॉस्ट जवळ असल्याने उष्णतेने मऊ पडतात. पोलादी बुश टिकतात, बदल्यात दांडीत किंचित किणकिण येते. आपल्या शहरातल्या सिग्नल ते सिग्नल वापरात गाडीखालची उष्णता बघता मी पोलादी निवडेन. सगळं एकाच पार्सलमध्ये घ्या, बिलावर गिअरबॉक्सचे भाग असं स्पष्ट लिहून घ्या, कस्टममध्ये मोटारीच्या पार्टचं शीर्षक ८७०८ आहे.

आता बसवणं. टेल हाउसिंगच्या खराब आट्याचं काम सगळ्यात आधी. ॲल्युमिनियम आहे, तिथे हेलिकॉइल (तारेच्या नव्या आट्यांचं अस्तर) बसवा. एक सावधगिरी मिस्त्रीला नक्की सांगा: हे सगळे बोल्ट इंची आहेत. पाव इंच, पाच सोळांश, तीन अष्टमांश. ३/८ च्या भोकात एम१० घुसवायचा प्रयत्न झाला की आटे गेलेच, कारण एम१० जाडही आहे आणि त्याचा पिचही वेगळा. यूएनसी-यूएनएफ (इंची आट्यांचे) बोल्ट नागदेवी स्ट्रीटला मिळतात, जुना बोल्ट नमुना म्हणून सोबत न्या.

प्लेट आणि मशिनरी बसवून झाली की तिन्ही आर्म लावा आणि बॉक्सचे तिन्ही लिव्हर न्यूट्रलमध्ये आणा. १-२ आणि ३-४ चे लिव्हर मधल्या खाचेत बसल्याचं बोटांना कळतं. खात्रीसाठी मागचं चाक हाताने फिरवा, प्रॉपेलर शाफ्ट मोकळा फिरला पाहिजे आणि इंजिन अडकवत नसलं पाहिजे.

मग शिफ्टरच्या बाजूच्या भोकातून न्यूट्रल पिन घाला. ती पाव इंचाची म्हणजे ६.३५ मिमीची. पिन हरवली असेल तर पाव इंची ड्रिलचा मागचा गुळगुळीत भाग चालतो. ६ मिमीचा ड्रिल वापरू नका. तो जातो, पण सैल बसतो आणि तेवढा फरक तीन लिव्हरमध्ये वाटला गेला की दुसरा-तिसरा पुन्हा अडायला लागतो. पिन तिन्ही लिव्हरमधून सरळ आरपार गेली पाहिजे.

पिन आत ठेवूनच रॉडची लांबी जुळवायची. रॉडच्या टोकाचं ॲडजस्टर फिरवत राहा, जोवर ते लिव्हरच्या भोकात स्वतःहून पडत नाही. दाबून किंवा स्क्रू ड्रायव्हरने ढकलून बसवावं लागलं तर लांबी चुकलेली आहे, अर्धा फेरा इकडे-तिकडे करून पुन्हा पाहा. अंगठ्याच्या हलक्या दाबाने बसलं की क्लिप लावा, चेक नट आवळा. तिन्ही रॉड झाले की पिन काढा आणि परत घाला. परत सहज गेली तरच ॲडजस्टमेंट बरोबर. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण हा शिफ्टर हाताला चांगला लागतो की नाही हे याच टप्प्यावर ठरतं.

क्लचप्लेट_ठाणे
स्टॉप बोल्टबद्दल मी लिहितो, कारण तो भाग लोक सोडून देतात. कॉम्पिटिशन प्लसला पुढे-मागे दोन स्टॉप बोल्ट असतात, एक पहिल्या-तिसऱ्याचा प्रवास थांबवणारा, दुसरा दुसऱ्या-चौथ्याचा. ते नसतील तर जोरात गिअर टाकताना हाताची सगळी ताकद बॉक्समधल्या फोर्कवर जाते. फोर्क वाकतो, किंवा फोर्क आणि स्लीव्हची घासणारी बाजू झिजते. स्टॉप बोल्टचं काम म्हणजे ती ताकद शिफ्टरच्या चौकटीवर घेणं.

रॉड जुळवताना दोन्ही बोल्ट जवळपास पूर्ण बाहेर काढून ठेवा. नाहीतर गिअर अर्धाच बसेल आणि तुम्हाला वाटेल रॉड चुकला. रॉड पक्के झाल्यावर गिअर पूर्ण टाका, दांडीवर दाब धरून बोल्ट टेकेपर्यंत आणा, मग किटच्या पत्रकात दिल्याप्रमाणे फेऱ्याची सूट द्या आणि चेक नट आवळा. परीक्षा अशी की दांडी हातातून सोडल्यावर बोल्टचं टोक आणि लिव्हर यात बारीक फट दिसली पाहिजे, आणि दांडी जोराने दाबली तरच ती मिटली पाहिजे. फट अजिबात नसेल तर बोल्ट गिअरला पूर्ण बसू देत नाही, दात टोकाटोकावर अडकतात आणि मग गिअर सुटायला लागतो. पहिला-तिसरा, दुसरा-चौथा, चारही गिअरमध्ये तपासा. एका बोल्टवर दोन गिअर असतात, ज्याची फट कमी त्याच्याप्रमाणे ठेवा.

तेल बदलून टाका. ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ ग्रेडचं. जीएल-५ नको, त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. बाजूच्या फिल प्लगच्या तोंडाशी येईपर्यंत, साधारण दीड लिटर, गाडी सपाट असताना. साइड कव्हरच्या शाफ्टजवळ तेल पाझरत असेल तर आर्म निघालेलेच आहेत, सील आत्ताच बदला.

कोळीवाडा_वर्कशॉप
बूटबद्दल दोन शब्द, कारण इथला पाऊस आणि खारी हवा. वरचा चामड्याचा किंवा रबरी बूट दिसायला. पाणी आणि उष्ण हवा अडवतो तो खालचा, पत्र्याला रिंगने दाबून बसणारा. तो न लावता वरचाच लावला तर पावसाचं पाणी बोगद्यातून वर येतं, कार्पेटखालचा पत्रा आतून गंजतो आणि कळतं तेव्हा भोक पडलेलं असतं. रिंगखाली ब्यूटाइलची पट्टी द्या, सिलिकॉन नको, पुढच्या वेळी निघत नाही. रॉडच्या टोकांना आणि बुशला पाणी न धरणारं ग्रीस, पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. शिफ्टरच्या आतल्या लिव्हरना मात्र जाड ग्रीस थापू नका. धूळ धरून घट्ट होतं आणि दांडी आपोआप ३-४ च्या रांगेत परत यायची थांबते. तिथे पातळ लिथियम स्प्रे पुरे.

परळ_व्ही८
हे सगळं मिस्त्रीला वाचून दाखवणार आहे. दोन गोष्टी उरल्या. पाच गिअरचा विचार सोडूनच द्यायचा का? एक्सप्रेसवेला इंजिन फार ओरडतं असं सगळे म्हणतात. माझा डिफरेन्शियल ३.३१ गुणोत्तराचा आहे. आणि बाजारात शॉर्ट थ्रोचे आर्म मिळतात, ते घ्यावेत का?

कुर्ला_गिअरबॉक्स
३.३१ असेल तर घाई करू नका. साधारण २६ इंच व्यासाच्या टायरवर, ताशी १०० किलोमीटरला चौथ्यात इंजिन २,६५० आरपीएमच्या आसपास फिरतं. एक्सप्रेसवेच्या सपाट भागाची मर्यादाच १०० आहे. ३२७ ला २,६५० म्हणजे आरामाची चाल, आवाज येत असेल तर तो सायलेन्सरचा. ट्रेमेकचा टीकेएक्स हा पाच गिअरचा बॉक्स ०.६८ च्या पाचव्यासह टाकला तर हाच आकडा १,८०० वर येतो, पण सोबत क्रॉसमेंबर, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, स्पीडोमीटर केबल, सगळं बदलतं, आणि दांडी थेट बॉक्सच्या डोक्यावरून निघते म्हणजे हे रॉड, हा शिफ्टर काहीच उपयोगाचं राहत नाही. व्हिंटेज नोंदणीच्या गाडीला हा खटाटोप मी सुचवणार नाही. डिफरेन्शियल ३.७३ किंवा त्याहून आखूड (मोठ्या आकड्याचा) असता तर वेगळं बोललो असतो.

शॉर्ट थ्रो नको. बॉक्सवरचा आर्म आखूड केला की त्याच रॉडच्या प्रवासात शाफ्ट जास्त फिरतो, दांडीचा प्रवास कमी होतो, पण ताकद तेवढीच जास्त लागते आणि सिंक्रोला वेग जुळवायला वेळ कमी मिळतो. तुमच्या बॉक्सच्या सिंक्रो रिंग किती उरल्यात ते उघडल्याशिवाय माहीत नाही. सायन ते माहीम रांगेत पहिला-दुसरा करताना जड दांडीने हात दुखेल तो वेगळाच. किटसोबत येणारे आर्मच ठेवा.

क्लचप्लेट_ठाणे
दांडीच्या मुठीचं राहिलं. हर्स्टच्या पारंपरिक दांडीला ३/८-१६ चे आटे असतात, इथे मिळणाऱ्या बहुतेक मुठी मेट्रिक आहेत. मूठ दांडीसोबतच मागवा, जबरदस्तीने फिरवू नका. दांडी मशिनरीला दोन बोल्टने बसते, ते पहिल्या २००-३०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. त्याच वेळी रॉडचे तिन्ही चेक नट आणि टेल हाउसिंगचे बोल्टही पाहा. नवे पोलादी बुश तेवढ्यात जागा धरतात आणि एखादा रॉड किंचित बदलतो. न्यूट्रल पिन परत घालून बघायची, अडली तर तेवढाच एक रॉड जुळवायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही.